‘पोटात वारो भरतलो’: बाळंतिणीच्या पोटपट्ट्याचा दोन हजार वर्षांचा प्रवास

एसटीत रेंज जात-येत असेल, किंवा बाळ कुशीत झोपलंय म्हणून इअरफोनसुद्धा लावता येत नसतील, तर तुमच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळले ते गाळलंय, बाकी बहुतेक जसंच्या तसं आहे.

आजच्या भागात ना किल्ला आहे, ना लढाई. मालवणात राहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर एकही भाग केला नाहीस, असं तुमच्यातले अर्धे लोक मला मेसेज करून विचारतात. करू, तोही करू. पण आजचा विषय आहे एक कापड. जुन्या सुती लुगड्याची उभी फाडलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली लांब पट्टी. बाळंतिणीचं पोट बांधायची पट्टी.

ही पट्टी कुठल्या संग्रहालयात ठेवलेली नाही, कारण ती वापरून संपायची. आधी लुगडं, मग पोटाची पट्टी, मग बाळाची दुपटी, शेवटी फडकं. तिच्यावर ताम्रपटही नाही. पण तिचा इतिहास आहे, आणि तो चांगला दोन हजार वर्षांचा आहे. आता हीच पट्टी वेल्क्रो लावून, स्किन कलरमध्ये, ‘पूर्वीचा शेप परत मिळवा’ असं लिहून मोबाईलवर विकायला येते. कोकणातल्या शेवटच्या वाडीपर्यंत तिची डिलिव्हरी होते.

तर आजचा प्रश्न असा: बाळंतिणीचं पोट आपण नक्की कशासाठी बांधत आलो? आणि ‘शेप’ हा शब्द त्यात केव्हा शिरला?

वारो म्हणजे काय?

आमच्या आजीला विचारलं तर उत्तर एका वाक्यात मिळतं. “पोट बांधूक व्हया गो, नायतर वारो भरतलो.” का भरतो, कुठून भरतो, हे ती सांगत नाही. तिला तिच्या सासूनं सांगितलेलं नसतं. माझ्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर हा कमेंट नसलेला लेगसी कोड आहे. चालतोय, म्हणून कोणी हात लावत नाही. पण मूळ लिहिणाऱ्यानं काय विचार करून लिहिला, ते शोधायला मजा येते.

आणि इथे मूळ सापडतं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, प्रसूतीनंतर काय करावं याचा क्रम दिलाय. बाळंतिणीला भूक लागली की तूप किंवा तेल द्यायचं, त्यात पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांचं चूर्ण. ते पिऊन झालं की पोटाला तूप-तेल चोळायचं आणि मोठ्या, स्वच्छ वस्त्रानं पोट गुंडाळायचं. पुढे कारणही दिलंय: असं केलं की वायूला आत जागा उरत नाही, म्हणून तो पोटात बिघाड करत नाही. त्यानंतर स्निग्ध, पातळ यवागू, म्हणजे आपल्या भाषेत पेज.

आता आजीचं वाक्य परत वाचा. वायू म्हणजे वारो. आजीनं चरक वाचलेला नाही, तिची शाळा चौथीत सुटली. तरी सुंठ, पिंपळी, तेल, कापड, पेज हे पाचही जिन्नस जवळपास त्याच क्रमानं आमच्या घरात पोचलेत. फक्त यवागूच्या जागी उकड्या तांदळाची पेज आली आणि तुपाच्या जोडीला खोबऱ्याचं तेल. ही माहिती पुस्तकातून घरात आली, की घरातून पुस्तकात गेली? मला वाटतं दुसरंही तितकंच शक्य आहे. सुइणी पुस्तकांच्या आधीपासून होत्या.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घ्या. चरक ‘पोट सपाट दिसावं म्हणून’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, आत रिकामी जागा झालीय, तिला आधार द्या. आणि ही जागा खरीच असते. नऊ महिने गर्भाशयानं आतडी वर-बाजूला ढकललेली असतात, पोटाची भिंत ताणलेली असते, आणि काही तासांत आतलं सगळं एकदम कमी होतं. बाळंतपण झालेल्या कितीतरी बायका सांगतात, “आत काही धरून ठेवलेलं नाही असं वाटतं.” वारो हे त्या अनुभवाला दिलेलं नाव आहे.

हे फक्त आपल्याकडेच नाही. मलेशियात बाळंतिणीचं पोट लांब कापडानं गाठी मारत बांधतात, त्याला बेंगकुंग म्हणतात. मेक्सिकोत फाखा बांधतात. म्हणजे समुद्राच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवर, एकमेकींना कधीही न भेटलेल्या बायकांनी एकच तोडगा काढला: ढिल्या झालेल्या भागाला बाहेरून धरा.

सव्वा महिना, दीड महिना, बेचाळीस दिवस

पण पट्टी हा त्या काळाचा एक छोटा तुकडा होता. मोठी गोष्ट होती वेळ.

सुश्रुतसंहिता सांगते की बाळंतिणीनं साधारण दीड महिना पथ्यानं राहायचं, त्यानंतर तिचं ‘सूतिका’ हे नाव संपतं. आपल्याकडे सव्वा महिना म्हणतात. बाजेवर निजायचं, खाली शेगडी, ओवा-शेपेची धुरी, अंगाला तेल, कढत पाण्यानं न्हाणं, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. जड काम नाही, विहीर नाही, उखळ नाही.

आता आजचं वैद्यकशास्त्र काय सांगतं बघा. प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचं वजन साधारण एक किलो असतं आणि त्याचा वरचा काठ बेंबीच्या आसपास लागतो. रोज साधारण बोटभर खाली सरकत दहा ते चौदा दिवसांत ते ओटीच्या हाडांमागे जातं, आणि सहा आठवड्यांत जवळजवळ पूर्वीच्या आकाराला येतं, शंभर ग्रॅमच्याही खाली. एक किलोचं शंभर ग्रॅम! आणि हे काम पट्टी करत नाही. ते गर्भाशयाचे स्नायू स्वतः आकुंचन पावून करतात. बाळ अंगावर पितं तेव्हा ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, त्यानं हे आकुंचन वाढतं. पहिल्या दिवसांत पाजताना पोटात कळ येते ती यामुळेच.

सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. दीड महिना, सव्वा महिना, सहा आठवडे. मोजण्याच्या तिन्ही पद्धती एकाच ठिकाणाच्या आसपास येतात. आजही आशाताई नवजात बाळासाठी घरी येतात त्या भेटींतली शेवटची भेट ४२व्या दिवशी असते.

म्हणून परंपरा सगळी बरोबर, असं म्हणून टाळ्या घेता येतील. पण तसं नाही. बंद खोलीत शेगडीचा धूर, उन्हाळ्यातही कोंडलेली हवा, ‘पाणी कमी पी, पोट सुटेल’ हा नियम, हे आई आणि बाळ दोघांनाही त्रासाचं होतं. दूध पाजणाऱ्या बाईला उलट जास्त पाणी लागतं. आणि महिनाभर पडूनच राहिलं तर पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो.

पश्चिमेतही हेच चाललं होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत बाळ झालं की लगेच आईच्या पोटाला रुंद कापडी ‘बाइंडर’ टाचण्या लावून आवळायचे आणि तिला दिवसचे दिवस अंथरुणातच ठेवायचे. रक्तस्राव थांबतो अशी समजूत होती, आणि जोडीला ‘फिगर’ परत येते ही दुसरी. म्हणजे आपल्या प्रश्नातला ‘शेप’ तिकडे तेव्हाच हजर होता. पुढे १९४० च्या दशकात, दुसऱ्या महायुद्धात खाटा कमी पडू लागल्या, तेव्हा बायकांना लवकर उठवून चालवायला लागले. त्या बिघडल्या तर नाहीतच, उलट गाठींचा त्रास कमी दिसला. तेव्हापासून ‘लवकर उठा, हळू चाला’ हा नियम झाला.

म्हणजे विश्रांती हवी, पण विश्रांती म्हणजे निश्चल पडून राहणं नव्हे. विश्रांती म्हणजे घागर दुसऱ्यानं उचलणं.

जिच्यासाठी सव्वा महिना नव्हताच

आणि इथे आपला इतिहास थोडा कडू होतो. घागर उचलायला दुसरं कोण होतं?

सव्वा महिना बाजेवर कोण निजू शकत होतं? जिच्या घरी भात भरलेला, सासू-नणंदा हाताशी, आणि कामाला माणूस. किनाऱ्यावरच्या गाबीत बाईचं काय? होडी लागली की मासळी बाजारात जायलाच हवी, मासळी सव्वा महिना थांबत नाही. डोक्यावर ओली पाटी, कमरेवर मूल. शेतमजूर बाईचं काय? लावणी बाळंतपण बघून येत नाही. पोट त्यांचंही बांधलेलं असायचं, बहुतेक जास्तच घट्ट, कारण ते बांधून त्या कामाला जायच्या. मी आजीला एकदा विचारलं होतं, तुमच्या वेळी पोट आत जावं, शेप यावा असं वाटायचं का? ती हसली. “शेप कसलो गो? बावडेचा पाणी काढूक कमरेत जोर व्हयो होतो.”

जोर. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटाकडे लागणार आहे.

आपल्या तळकोकणातली माणसं शेकड्यांनी मुंबईच्या गिरण्यांत गेली. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १९८१ मध्ये झाला. त्याआधी सगळं रत्नागिरीच. गिरणी कामगार म्हटलं की आपल्याला पुरुष आठवतात, पण १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या. बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, दिवसभर उभ्यानं. बाळंतपणाला काही गावी यायच्या, काही चाळीतच. रजा म्हणजे पगार बंद, आणि कधी कधी नोकरीही. मूल झोपून राहावं म्हणून त्याला अफू घातलेली बाळागोळी देऊन आई पाळीला जायची, अशा नोंदी त्या काळच्या अहवालांत आहेत.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे ना. म. जोशी गेले होते. त्या परिषदेनं ठराव केला की प्रसूतीनंतर सहा आठवडे बाईला कामाला लावायचं नाही आणि त्या काळात तिला भत्ता द्यायचा. पुन्हा सहा आठवडे! जोशींनी १९२४ मध्ये इथल्या केंद्रीय कायदेमंडळात तसं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं.

मग गोष्ट मुंबई इलाख्यात आली. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती भत्त्याच्या विधेयकावर चर्चा झाली. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे सदस्य होते आणि त्यांनी विधेयकाच्या बाजूनं भाषण केलं. त्यांच्या मांडणीचा सारांश असा: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. आणि मालक बायकांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून, तेव्हा या खर्चाचा काही भार त्यानं उचलायला हवा. १९२९ मध्ये बॉम्बे मॅटर्निटी बेनिफिट कायदा झाला. अशा प्रकारचा देशातला हा पहिला कायदा. दिवसाला आठ आणे, तेही थोड्या आठवड्यांसाठी. रक्कम लहान, पण कल्पना प्रचंड: जो सव्वा महिना आजवर सासूच्या मर्जीवर आणि घरातल्या भातावर अवलंबून होता, तो पहिल्यांदा हक्क झाला.

पुढे १९६१ मध्ये देशभराचा कायदा आला, १२ आठवड्यांची पगारी रजा. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली. माझ्यासारख्या आयटीतल्या मुलींना ती मिळते. मालवणच्या बाजारात पापलेट विकणारीला मिळत नाही, कारण तिला मालकच नाही. तिला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये मिळतात, हप्त्यांत. पाच हजारांत ती किती दिवस बाजार चुकवू शकेल, हा हिशेब तुम्हीच करा.

पोटाच्या आधी जीव

याच काळातली आणखी एक बाजू. आपण आज ‘पोट आत जाणं’ बोलतो, पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बाळंतिणीसमोरचा प्रश्न जगण्याचा होता.

आनंदीबाई जोशी आपल्याला पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून माहीत आहेत. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्यातूनच डॉक्टर व्हायची जिद्द आली, हेही आपण वाचतो. कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. फिलाडेल्फियाच्या थंडीत बसून एक वीस वर्षांची मराठी मुलगी हाच प्रश्न बघत होती: आपल्या ग्रंथांत बाळंतिणीबद्दल काय लिहिलंय? कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये त्यांची नेमणूक ठरली होती. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयानं त्या गेल्या.

चौदा वर्षांच्या मुलीचं शरीर बाळंतपणाला तयारच नसतं. तिथे कुठली पट्टी काय करणार? म्हणून मला वाटतं, महाराष्ट्रातल्या बायकांच्या पोटाच्या इतिहासात लग्नाच्या वयाचे कायदेही मोजायला हवेत. रखमाबाईंच्या खटल्यानंतर पेटलेल्या वादातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. त्यात मर्यादा दहावरून बारा झाली, फक्त बारा! त्यानंतर १९२९ चा शारदा कायदा: मुलीचं लग्नाचं वय किमान चौदा. हो, तेच वर्ष. प्रसूती भत्ता आणि शारदा कायदा दोन्ही १९२९ चे. रखमाबाई स्वतः पुढे डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी अनेक वर्षं बायकांवर उपचार केले.

दवाखानेही याच सुमारास आले. मुंबईत कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये, परळला वाडिया प्रसूतिगृह १९२६ मध्ये. आपल्याकडे वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल. तरी बहुतेक बाळंतपणं घरीच होत राहिली. अगदी १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली निम्म्याहूनही कमी बाळंतपणं दवाखान्यात होती. २०१९-२१ मध्ये तोच आकडा ९४ टक्क्यांच्या वर गेला. तीस वर्षांत बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं. पण त्यानंतरचे ४२ दिवस? ते अजून घरातच आहेत, आणि घर आता टू-बीएचके झालंय.

‘अंग बाहेर येणं’

पोट बांधण्याच्या गोष्टीत एक भाग कोणीच मोठ्यानं बोलत नाही. पोटाच्या भिंतीला खालून एक तळ असतो. ओटीच्या हाडांमध्ये झोळीसारखे पसरलेले स्नायू. बाळंतपणात तेही ताणले जातात. लगेच जड ओझी उचलली, किंवा वरून पोट फारच आवळलं, तर सगळा दाब खाली या झोळीवर येतो. मग शिंकताना, खोकताना लघवीचे थेंब येतात. जास्त झालं तर गर्भाशय खाली सरकतं. आपल्याकडे त्याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात आणि आवाज खाली करून बोलतात.

या दुखण्यावर ज्यांच्या नावाच्या शस्त्रक्रिया जगभरच्या पुस्तकांत आहेत, त्यांत आपली दोन नावं आहेत. डॉ. वि. ना. शिरोडकर, जन्म १८९९, गाव शिरोडा. गोव्यातलं शिरोडा हं, आपल्या वेंगुर्ल्याजवळचं मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडा नव्हे. गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयाच्या तोंडाला घालायचा शिरोडकर टाका जगप्रसिद्ध आहे, पण खाली आलेलं गर्भाशय पट्टीनं वर बांधायची त्यांची स्लिंग शस्त्रक्रियाही आहे. दुसरं नाव पुरंदरे. मुंबईच्या पुरंदरे घराण्यातल्या डॉक्टरांच्या नावाची शस्त्रक्रिया पोटाच्या पुढच्या स्नायूवरच्या आवरणाच्या पट्ट्या वापरून गर्भाशयाला आधार देते.

थांबा आणि विचार करा. हे ऑपरेशन म्हणजे आतून बांधलेली पट्टीच की! आणि ते इथेच का विकसित झालं? कारण इथे हे दुखणं तरुण बायकांना होत होतं, ज्यांना अजून मुलं हवी होती, त्यामुळे गर्भाशय काढून टाकून चालणार नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांच्या हुशारीमागे कितीतरी बायकांची न मिळालेली विश्रांती आहे.

ताईची गोष्ट

माझी ताई, तिच्या परवानगीनं सांगते. तिला मुलगी झाली, सिझेरियननं. चौथ्या महिन्यात तिनं ऑनलाइन पट्टा मागवला आणि सकाळपासून रात्रीपर्यंत घट्ट लावून बसायची. ऑफिस घरूनच सुरू झालं होतं. पोट ‘आत’ दिसायचं. पण हसताना, शिंकताना त्रास व्हायला लागला होता आणि तिनं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगितलं तेही रात्री अकरा वाजता, मेसेजवर, शेवटी “आईला सांगू नको” असं लिहून.

मग तिची डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याशी भेट झाली, आणि पट्टीचं आजचं शास्त्र मला कळलं. थोडक्यात सांगते.

पोटाच्या पुढे दोन उभे स्नायू असतात, मध्ये त्यांना जोडणारी पांढरी पट्टी, लिनिया अल्बा. गरोदरपणात ती रुंद होते आणि स्नायूंत फट पडते. याला डायस्टॅसिस म्हणतात. हा आजार नाही, पोटानं बाळाला करून दिलेली जागा आहे. नॉर्वेत ३०० बायकांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा आठवड्यांनी साधारण ६० टक्के बायकांत फट होती, सहा महिन्यांनी ४५ टक्के, आणि वर्षानंतरही ३३ टक्के. म्हणजे वर्ष झालं तरी तीनपैकी एकीला. ‘तीस दिवसांत सपाट पोट’ म्हणणाऱ्या रीलखाली हा आकडा कोणी लिहीत नाही.

पट्ट्याचं काय? सिझेरियननंतर पहिल्या दिवसांत चालताना, खोकताना आधार वाटतो, दुखणं थोडं कमी होतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. तेवढ्यासाठी तो चांगलाच. पण पट्ट्यानं स्नायूंची फट मिटते किंवा चरबी जाते, याला भक्कम पुरावा नाही. स्नायूला काम स्वतःलाच करावं लागतं. सुरुवात एकदम साधी: श्वास सोडताना पोट हळूच आत आणि खालची झोळी वर उचलायची. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडलेले व्यायाम याच झोळीसाठी. मग चालणं, मग हळूहळू बाकीचं. सिट-अप्स आणि क्रंचेस मात्र लगेच नाही. सिझेरियन झालं असेल, टाके दुखत असतील, रक्तस्राव वाढत असेल, बेंबीपाशी फुगवटा येत असेल, तर आधी डॉक्टर, मग माझा पॉडकास्ट.

ताईनं पट्टा टाकून दिला नाही. बाजारात जायचं, बाळाला घेऊन एसटीनं कुडाळला जायचं, तेव्हा ती सैलसर लावते. बाकी वेळ दहा मिनिटं श्वासाचे व्यायाम. आठ-नऊ आठवड्यांत शिंकेचा त्रास बराच कमी झाला. पोट पूर्वीसारखं दिसतं का? नाही. आणि खरी मदत कशानं झाली, असं विचारलं तर ती व्यायामाचं नाव नंतर घेते. आधी सांगते की भावोजींनी रात्रीचं एक फीड बाटलीनं स्वतःकडे घेतलं आणि ती सलग पाच तास झोपली.

पट्टी राहिली, वेळ गेला

तर सुरुवातीचा प्रश्न. पोट कशासाठी बांधत आलो? चरक म्हणाला रिकाम्या जागेसाठी. आजी म्हणाली वाऱ्यासाठी, आणि जोरासाठी. ‘दिसण्यासाठी’ हे कारण आपल्याकडच्या या जुन्या उत्तरांत मला सापडलं नाही. आज मात्र पाकिटावर तेच सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं.

माझ्या मते गडबड इथे झालीय. जुन्या पॅकेजमध्ये पाच गोष्टी होत्या: तेल लावणारे हात, गरम जेवण, दुसऱ्यानं उचललेली घागर, सव्वा महिन्याचा वेळ, आणि एक पट्टी. सगळ्यात स्वस्त, कुरिअरनं पाठवता येणारी वस्तू होती पट्टी. तेवढीच बाजारानं उचलली. बाकीच्या चार गोष्टी डिलिव्हर करता येत नाहीत, त्या घरातल्या माणसांनी, ऑफिसनं आणि सरकारनं मिळून द्यायच्या असतात. १९२८ मध्ये कायदेमंडळात याच चार गोष्टींवर भांडण चालू होतं, आणि बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईसाठी ते अजून संपलेलं नाही.

तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये कोणी नुकतीच बाळंत झाली असेल, तर पट्टा गिफ्ट देऊ नका. एक आठवडा डबा द्या. भांडी घासा. बाळाला तासभर सांभाळा आणि तिला झोपू द्या. आणि एकांतात, हळूच विचारा, “शिंकताना त्रास होत नाही ना?” कारण ती स्वतःहून सांगणार नाही.

आणि हो, तुमच्या आजीला विचारा की तिच्या वेळी बाळंतिणीचं पोट कसं बांधायचे, कशानं, किती दिवस, आणि तेव्हा घरातलं पाणी कोण भरायचं. तिचं उत्तर तिच्याच बोलीत रेकॉर्ड करून मला पाठवा. तिची हरकत नसेल तर पुढच्या एखाद्या भागात आपण ते आवाज ऐकवू.

चला, येवा पुढच्या भागाक. तोपर्यंत काळजी घ्या.